उजव्या पंखाजवळची फुली

यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

जुलैतला बुधवार. सकाळचे साडेसहा. जोहान्सबर्गच्या विमानतळावर दाट धुकं.

विमान थांब्यावर आणून उभं करणं, हे माझं काम. दुमजली विमानासाठी आमचा थांबा दोन्ही बाजूंनी रुंद केला होता. त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐंशी मीटर. मी विमानाच्या नाकासमोर उभा असतो, तिथून टोकांचा अंदाज येत नाही, म्हणून प्रत्येक टोकाशी एक माणूस, हातांत दोन उजळ काठ्या. नवी मुलं मला मालुमे, म्हणजे मामा म्हणतात; त्यांना मी हेच आधी शिकवतो : काठ्या उभ्या, तर येऊ द्या. काठ्यांची फुली, तर जागीच थांबा.

उजवीकडे दुमेझ्वेनी असायचा. मार्चमध्ये तिथल्या नव्या काँक्रीटवरच वीज पडून गेला.

आमच्यात गेलेल्याच्या आत्म्याला काटेरी फांदीवर घरी नेतात. जिथं गेला तिथून. फांदी धरणाऱ्यानं वाटेत फक्त त्याच्याशीच बोलायचं. घरी पोचला की तो स्वप्नात येतो.

आत जायचा पास माझ्याकडे होता. म्हणून मंगळवारी त्याच्या आईनं कुंपणापाशी फांदी माझ्या हातात दिली.

"भाऊ, तोंड मिटून ये हं. एरवी तुझी टकळी थांबत नाही."

मी काँक्रीटला फांदी टेकवली.

"चल दुमेझ्वेनी, घरी जाऊ."

फांदी जड झाली... खरंच झाली.

दहा पावलं गेलो. कमरेचा वायरलेस खरखरला.

"मालुमे, कुठं आहात?"

"आलोच!"

तीस वर्षांची सवय. हाक आली की उत्तर द्यायचं.

फांदी हलकी झाली...

फांदी तशीच त्याच्या आईच्या हातात दिली. तिला मी सांगितलं नाही.

बुधवारी धुक्यातून विमान आलं. डावीकडे काठ्या उभ्या. उजवीकडे...

फुली.

मी विमान थांबवलं. आत पाचशे माणसं.

"मालुमे, डुलकी लागली का?" उजवीकडून ह्लेंगिवे, दुमेझ्वेनीच्या जागी आलेली पोरगी, वायरलेसवर ओरडली. "माझ्या काठ्या उभ्या आहेत!"

खरंच उभ्या होत्या.

फुली तिच्या मागे होती.

"मागे कोण आहे, पोरी?"

"कुणी नाही..."

मी चालत गेलो. वाट मोकळी. ओलं काँक्रीट. त्यावर फांदीचं एक पान.

विमान आत घेतलं.

त्यानंतर प्रत्येक धुक्यात फुली दिसते. प्रत्येक वेळी मी थांबतो. एखाद्या दिवशी ती खरी असली तर?

काल त्याच्या आईचा फोन आला.

"भाऊ, पोरगं अजून स्वप्नात आलं नाही. तू आणलंस ना त्याला?"

आता बोलायला हवं होतं.

तोंड उघडलंच नाही...