मामाच्या हलगीचा कवडसा

रेवतीताईच्या लग्नाच्या दिवशी चंद्रावर एक विचित्र भांडण झालं. भांडण हलगीवरून होतं, आणि त्यात दोन्ही बाजू खरं बोलत होत्या.

ताईची धाकटी बहीण ऊर्वी अकरा वर्षांची. त्यांचं घर चंद्रावरच्या वसाहतीत, हवा भरलेल्या एका मोठ्या काचेच्या घुमटात. घुमटाबाहेर हवेचा लवलेशसुद्धा नाही. बाहेर जायचं तर अवकाशपोशाख (श्वासापुरती हवा भरलेला, डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाख) चढवायचा. नवरदेव पलीकडच्या वसाहतीतून चांद्रगाडीनं येणार होता, आणि ताईचे रंगरावमामा खास लग्नासाठी पृथ्वीवरून, कागलहून आले होते.

"नवरदेव दारात वाजतगाजत आला पाहिजे," असं मामांनी यानात बसायच्या आधीच फोनवर बजावलं होतं. चामड्याची हलगी बाहेरच्या उन्हात तडकेल म्हणून ऊर्वीच्या आजोबांनी त्यांना यानावर गुंडाळतात त्या चंदेरी, आरशासारख्या चकचकीत पडद्याची हलगी करून दिली. आजोबा वसाहतीचे शास्त्रज्ञ. हलगी मात्र त्यांनी जन्मात पहिल्यांदाच बनवली होती.

मामा शिरस्त्राणावर फेटा बांधून बाहेर गेले आणि रंगीत तालीम सुरू झाली. चंद्राची ओढ कमी, त्यामुळे मामा रंगात येऊन नाचले की पुरुषभर उंच जात आणि सावकाश खाली येत. आत काचेपाशी पाहुणे जमले होते. सगळे बघत होते, कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

"कसं काय वाजतंय?" मामांनी रेडिओवरून विचारलं.

"वाजतंय कुठे?" ऊर्वीचे बाबा म्हणाले. "काही ऐकू येत नाही, रंगराव."

"चेष्टा करायलाय व्हय? मला चांगलं ऐकू येतंय की."

"अहो, खरंच नाही येत."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?" मामांचा आवाज चढला. "चार लाख किलोमीटर उडत इथवर आलो, ते हे ऐकायला?" एवढं बोलून त्यांनी रेडिओ बंद केला आणि एका दगडावर पाठ फिरवून बसले.

मामा रुसले. आता मामांनी हात धरून आणल्याशिवाय नवरी बोहल्यावर येणार कशी? आईनं डोक्याला हात लावला. ताई तर मुंडावळ्या बांधून तयार होती.

ऊर्वीनं आजोबांना गाठलं. ते जेवणाच्या रांगेत मठ्ठ्याची वाटी धरून उभे होते. "आजोबा, मामांना ऐकू येतं आणि आपल्याला नाही, असं कसं?"

आजोबांनी पुढच्या काकांना कोपरानं हलकेच ढोसलं. रांग अगदी दाटीवाटीची होती. काका पुढच्यावर रेलले, ते त्यांच्या पुढच्यावर, आणि बघता बघता रांगेच्या टोकाला असलेल्या फोटोग्राफरच्या ताटातली जिलबी उडाली.

"मी त्याला हात तरी लावला का?" आजोबांनी निरागसपणे विचारलं. "माणसं जागच्या जागीच राहिली. पुढे गेला तो फक्त धक्का. असं जे पुढे जातं त्याला तरंग म्हणतात. हलगीचा पडदा थरथरतो, म्हणजे कंपन पावतो (भरभर पुढेमागे हलतो). तो शेजारच्या हवेला ढोसतो, ती पुढच्या हवेला, आणि शेवटचा धक्का आपल्या कानाच्या पडद्याला बसतो. तोच आवाज."

"आणि रांगेत मधेच माणसं नसली तर?"

"तर जिलबी वाचली असती."

ऊर्वीला पटलं. आवाजाला माध्यम (ज्यातून तरंग जातो तो पदार्थ) लागतं, आणि बाहेर तर निर्वात (जिथे हवासुद्धा नाही अशी मोकळी जागा). "पण मामांचं बोलणं आलं ना आपल्याला?"

"त्यांच्या शिरस्त्राणात हवा आहे, आणि तोंडासमोर माईक. पुढचं काम रेडिओचं. तो माईक बोलणं ठेवतो आणि बाकीची खडखड गाळून टाकतो. हलगीलाही तो खडखडच समजतो. मामांना सांगू नकोस."

तरी मामांना ऐकू कसं येतं, हे कोडं राहिलंच. ऊर्वी पोशाख घालून मामांकडे गेली. त्यांचा रेडिओ बंद. मग तिनं आपलं शिरस्त्राण त्यांच्या शिरस्त्राणाला टेकवलं. आतून मामांची कुरकुर ऐकू आली.

"...सख्ख्या भाच्चीच्या लग्नात असला अपमान."

कुरकुरता कुरकुरता ते छातीशी टेकवलेल्या हलगीवर टिपरीनं ठेका धरत होते, आणि ऊर्वीला तो ठेकाही ऐकू येत होता, जरा दबका, पण स्पष्ट. हलगीची थरथर मामांच्या पोशाखात शिरत होती, तिथून शिरस्त्राणात, आणि टेकलेल्या काचेतून ऊर्वीच्या कानापर्यंत. आवाज घन वस्तूंमधूनही जातो. माणसांची रांग नसली तरी काचेची आणि कापडाची रांग होती.

"मामा, तुम्ही खरं बोलत होता," ती म्हणाली.

मामा थोडे विरघळले आणि घुमटाकडे तोंड करून बसले. "बघ. मग ह्यांना सांग की जाऊन."

"पण तेही खरं बोलत होते."

मामा पुन्हा घट्ट झाले.

सगळ्या पाहुण्यांनी एकेक करून मामांना डोकं टेकवावं, हा उपाय काही बरा दिसला नसता. ऊर्वी विचार करत घुमटाकडे पाहू लागली. तेवढ्यात तिला आतल्या पांढऱ्या भिंतीवर एक कवडसा दिसला. चंदेरी हलगीवर ऊन पडून तो काचेतून आत गेला होता. मामा ठेका धरत तसा कवडसा थरथरत होता. ठेका थांबला की कवडसाही थांबे.

"मामा, इथून हलू नका. फक्त वाजवत राहा." एवढं सांगून ती पळत सुटली. चंद्रावर पळताना माणूस जमिनीवर कमी आणि वरच जास्त असतो, तरी ती लवकर पोचली.

"आजोबा, प्रकाशाला माध्यम लागत नाही ना?"

"नाही. तोही तरंगच, पण विजेचा आणि चुंबकत्वाचा. त्याला ढोसायला कुणी लागत नाही, रिकाम्या जागेतूनही तो जातो. नाहीतर सूर्य तरी दिसला असता का?"

"मग हलगी प्रकाशावर बसून आत आली आहे. ती बघा भिंतीवर."

आजोबा बघतच राहिले. मग त्यांनी बागेतल्या दिव्याचा सौरघट (प्रकाश पडला की वीज देणारी पट्टी) उपटून आणला आणि मंगलाष्टकांच्या स्पीकरला जोडला. कवडसा अर्धा पट्टीवर आणि अर्धा बाहेर राहील अशी ऊर्वीनं ती धरली. कवडसा थरथरला की पट्टीवरचा प्रकाश कमीजास्त व्हायचा, तशी वीज कमीजास्त, आणि तसाच स्पीकरचा पडदा पुढेमागे. तो आतल्या हवेला ढोसू लागला.

स्पीकरमधून हलगी कडाडली. एका आजींच्या हातातल्या अक्षता सांडल्या.

बाबांनी काचेतून दोन्ही हात जोडून मामांची माफी मागितली. मामांनी रेडिओ सुरू केला. "आता येतंय?"

"येतंय, रंगराव. पण नाचू नका. नाचलात की कवडसा हलतो."

न नाचता हलगी वाजवणं मामांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. शेवटी दोन वऱ्हाडी बाहेर गेले आणि त्यांनी मामांना कमरेला धरून ठेवलं. चांद्रगाडी आली, नवरदेव उतरला, आणि नेमके तेव्हाच एक काका कवडशासमोरून ताट घेऊन गेले.

"हलगीच्या मधे कोण उभं राहिलंय?" सगळे एकदम ओरडले. काका दचकून बाजूला झाले आणि हलगी पुन्हा सुरू झाली.

मग मामांनी ताईचा हात धरून तिला बोहल्यावर आणलं, आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा तेच सगळ्यात जास्त रडले.

संध्याकाळच्या चहाला मामा आजोबांपाशी येऊन बसले. वर काळ्या आकाशात निळी पृथ्वी होती. "अण्णा, हा कवडसा कागलपर्यंत नाही का जायचा?"

"हा नाही. वाटेत फार पसरेल. लेसर (अगदी सरळ, फारसा न पसरता जाणारा प्रकाशाचा झोत) वापरला तर जाईल. साधारण सव्वा सेकंदात."

"म्हणजे मी इथं वाजवायचं थांबलो, तरी खाली अजून सव्वा सेकंद वाजतच राहणार?"

"हो."

मामांनी वर पृथ्वीकडे बोट दाखवलं. "आणि तेवढा वेळ ती हलगी असणार कुठं?"

आजोबांनी ऊर्वीकडे पाहिलं. उत्तर तिनं द्यावं, असं त्यांना वाटत होतं.

"वाटेत," ऊर्वी म्हणाली. मग ती लेसर शोधायला उठली.