दुसरीच्या दुःखाचा हेवा

या मंडळी, असे दाराशी उभे राहू नका, पुढे सरका. गुडघ्याला गुडघा लागला तरी चालेल. आज एका हुशार बाईची गोष्ट ऐकवायची आहे, जिला दुसरीच्या दुःखाचा हेवा वाटला. धनाचा, रूपाचा हेवा आपण सगळेच करतो. दुःखाचा करायला मात्र विज्ञान लागतं.

पाचगणीपलीकडच्या पठारावर मंगळप्रवाशांचं प्रशिक्षण केंद्र होतं. ‘दीपमाळ’ हे यान सहा प्रवासी घेऊन चार वर्षांच्या फेरीला निघणार होतं. सातवी जागा होती सांत्वकाची. इतकी वर्षं डबीत कोंडलेल्या माणसांचं मन सांभाळायचं, एवढंच त्याचं काम. ही जागा डॉ. सुलक्षणा ठोसर आपलीच धरून चालली होती. का धरू नये? मनोविज्ञानात तिचा दबदबा, अनुनादमापक यंत्रही तिनेच घडवलेलं. पण प्रवाशांना विचारलं तेव्हा सहाच्या सहा जणांनी नाव घेतलं इंदाताई भोईटेचं. इंदाताई केंद्राची खाणावळ चालवायची.

निवड समितीने पंधरा दिवसांनी दोघींची चाचणी ठेवली.

“भाकऱ्या थापणारी बाई माझ्या बरोबरीला!” सुलक्षणा प्रयोगशाळेत येरझाऱ्या घालत होती.

तिचे ज्येष्ठ सहकारी डॉ. मुजावर चहा फुंकत म्हणाले, “तुझ्यापुढे माणूस बसला की तू त्याचं निदान करतेस. तिच्यापुढे बसला की ती विचारते, जेवलास का?”

“तिची सात वर्षांची लेक गेलीय, सर. म्हणून जमतं तिला. माझं काय गेलंय? आईबाबा धडधाकट, परीक्षेत कायम पहिली, कधी हाडसुद्धा मोडलं नाही. लोकांना सांगायला माझ्याकडे दुःखच नाही!”

“मग तिचं घे,” मुजावर चेष्टेत बोलून गेले आणि लगेच पस्तावले, कारण सुलक्षणा थांबली होती.

दोघांनाही शास्त्र ठाऊक होतं. जगलेला प्रत्येक तीव्र अनुभव मेंदूत चेतापेशींची एक वीण सोडून जातो, तो अनुभवठसा. समोरचा रडला की आपल्यातली तशीच वीण थरथरते, तंबोऱ्याची एक तार छेडली की दुसरी आपोआप बोलते तशी. तोच अनुनाद, आणि चाचणीत तोच मोजला जाणार होता. एकाचा ठसा दुसऱ्याच्या मेंदूत उतरवणं म्हणजे ठसारोपण, आणि तेही आता जमू लागलं होतं.

“पण कोऱ्या जागी ठसा रुजत नाही,” मुजावर म्हणाले. “घेणाऱ्यात तशी वीण आधीपासून हवी. नसेल तर आठवड्यात विरतो. शिवाय यंत्राला ठशाचं नाव कळत नाही, फक्त खोली कळते.”

“रुजेल, सर. आणि आई आहे ती. तिच्यात खोल दुसरं काय असणार?”

इंदाताई परवानगी द्यायला क्षणभरही थांबली नाही. “घ्या की, डॉक्टरीणबाई. मी काय ते गाठोड्यात बांधून ठेवणार आहे? पण आधी जेवा. रिकाम्या पोटी कुणाचं दुःख घेऊ नये.” आणि तिने सुलक्षणाच्या ताटात गरम भाकरी टाकली. शेजारच्या बाकावर एक प्रवासी, कुणी न विचारता, इंदाताईला आपलं भयाण स्वप्न सांगू लागला. सुलक्षणा भाकरी अर्धीच टाकून उठली.

इंदाताईच्या मेंदूत खोल ठसे निघाले दोन, जवळजवळ सारख्या खोलीचे. “दोन्ही लेकीचेच,” सुलक्षणा म्हणाली. “दोन्ही उतरवा.”

पहिले चार दिवस ती उशीत तोंड खुपसून रडली. पाचव्या दिवशी रडं ओसरलं, सातव्याला आटलं. आठव्या दिवशी दुपारी खाणावळीत तिच्या आईचा फोन आला. तिने रोजच्यासारखा कट केला.

आणि छातीत जाळ उठला.

ते दुःख नव्हतं. ही आग तिच्या चांगल्या ओळखीची होती. पण रोख पाहा कुणावर! तिच्या स्वतःच्या आईवर. त्या बाईची लेक जिवंत आहे. फोन उचलत नाही, ताटात अर्धं टाकते, पण जिवंत आहे. त्या बाईलाच का? मला का नाही?

मुजावरांनी तिच्या मेंदूचा आलेख पाहिला. “दुःखाचा ठसा विरलाय. रुजलाय तो दुसरा, हेव्याचा. तुझ्या जुन्या विणीशी तंतोतंत जुळला. तुझ्यात तेवढं खोल हेच होतं, पोरी.”

“आणि माझा अनुनाद?”

“होता तेवढाच. काडीभरही वाढला नाही.”

सुलक्षणा तशीच खाणावळीत गेली. इंदाताई पीठ मळत होती.

“तुम्ही माझ्या आईवर जळता?”

इंदाताईचा हात थांबला. मग ती लाजून हसली. “अगंबाई, ते पण आलं का त्यात? लेक जाऊन अकरा वर्षं झाली, बाई. तुम्ही आईचा फोन कापलात की अजून जळतं.”

“मग मला वाढता कशाला?”

“जळतंय तर काय करायचं? चुलीतही जळतंच की. तवा ठेवायचा वर. त्या माउलीची लेक उपाशी राहू नये, एवढं तर मला करता येतं.”

बघा मंडळी, आग दोघींत एकच, यंत्रानेच तशी ग्वाही दिलेली. एकीने त्या आगीवर स्वतःलाच भाजून घेतलं, दुसरीने भाकरी भाजली. यंत्राने अनुभव उचलून दिला. त्याचं काय करायचं, ते कुठल्याच विणीत नव्हतं. ते ज्याचं त्याला रोज करावं लागतं.

चाचणीच्या दिवशी सुलक्षणाने समितीपुढे इंदाताईचा आणि आपला, असे दोन्ही आलेख ठेवले आणि आपलं नाव मागे घेतलं. हेवा गेला का? नाही हो. इंदाताईला घेऊन ‘दीपमाळ’ आकाशात चढताना तिच्या आत तो जळत होताच. तरी त्या दिवसापासून खाणावळीत वाढायला तीच उभी राहते. भाकरी अजून वातड होते.

निघण्याआधी इंदाताईने तिला एकच सांगितलं होतं, “तिकडं मी घेईनच लेकीचं नाव. पण ती ज्या मातीत खेळली, तिथंही कुणीतरी घ्यावं.”

सुलक्षणा घेते. आता घरी जाल तेव्हा पायरीवर क्षणभर थांबून तुम्हीही घ्या. सात वर्षांची होती. सुगंधा तिचं नाव.