दाराबाहेरचे बूट

दोन हजार चारच्या सप्टेंबरात आम्ही तिघं बॉथेल गावाहून एका हिमशिखरावर चढाईला निघालो. गुरुनाथ, विक्रम आणि मी. दहा हजार फुटांवर गिर्यारोहकांसाठी एक दगडी झोपडी, चार तंबू आणि लॉरा नावाच्या रेंजरबाईंची केबिन, एवढीच तिथली वस्ती. पुढे नुसता बर्फ.

गुरुनाथला एक खोड होती. जिथे अन्न शिजतं तिथे तो बूट घालून पाऊल टाकत नसे. लेस आत खोचून जोडी उंबऱ्याबाहेर नीट लावायचा. “आत घ्या, बाहेर गोठतील,” म्हणून लॉरानं त्याला दोनदा झापलं. तो हसून सॉरी म्हणाला आणि पुन्हा तेच. मला त्याचा रागही यायचा आणि तो आवडायचाही फार.

शिखराच्या दिवशी माझं डोकं ठणकत होतं, म्हणून मी झोपडीतच थांबलो. ते दोघं स्वतःला एकाच दोराला बांधून घेऊन वर गेले. दुपारी धुकं उतरलं, इतकं दाट की समोरचे तंबू दिसेनात. दोनच्या सुमारास विक्रम आला. एकटा.

“गुरू कुठाय?”

“म्हणजे? त्याला बरं वाटत नव्हतं यार, अर्ध्यातूनच परत पाठवला. पोचला नाही?”

तो नजरेला नजर देत नव्हता. हिमनदीवर आजारी माणसाला कुणी एकटं सोडतं? त्याच्या कमरेला दोराचा तुकडा लोंबत होता. टोक सुरीनं कापल्यासारखं सरळ.

लॉराला सांगायला मी दार उघडलं, तर बाहेर बूट. लेस आत खोचलेल्या. मी हात घालून पाहिला, आतून चक्क ऊबदार.

“विक्रम, आला रे गुरू!” मी आनंदानं ओरडलो.

विक्रम दाराशी आला. बूट पाहून भिंतीला टेकत खालीच बसला.

“शक्य नाही...”

“का? तूच परत पाठवलंस ना?”



हाका मारत मी सगळे तंबू पालथे घातले. गुरू नव्हता. परतलो तर उंबराही मोकळा. बर्फात फक्त दोन पावलांएवढी जागा वितळलेली होती.

तिसऱ्या दिवशी तो बर्फाच्या भेगेत सापडला. बूट पायातच होते, लॉरानं मला बाजूला घेऊन सांगितलं. घाबरून आधी खोटं बोललो, दोर कपारीवर घासून तुटला, असं विक्रमनं लिहून दिलं. कापलेल्या टोकाचं माझं म्हणणं कुणी धरलं नाही, चौकशी तिथेच संपली. तो दूर दक्षिणेतल्या शुगर लँड शहरात निघून गेला, जिथे बर्फ पडत नाही.

चार वर्षांनी, मे महिन्यात भर दुपारी त्याचा फोन आला.

“अनिल... दाराबाहेर बूट आहेत. लेस आत...” त्याला धाप लागली होती. “बाहेर आग ओकतंय ऊन, आणि त्यांच्यावरचा बर्फ वितळत नाहीये रे...”

मला भीती वाटायला हवी होती. आला तो राग.

“आत घे,” मी म्हणालो. “बाहेर गोठतील.”

“नाही... मी दार उघडणार नाही...”

तरी दार उघडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मग फरशीवरून मोज्यांतली पावलं, अगदी हळू.