ताई, एक सांगू?

यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

साल १९९६. भर दुपारची गोष्ट. म्हणून झोपेत पाहिलं असशील, असं कुणी म्हणू नये.

मी पाणीपुरवठा कार्यालयात कॉम्प्युटर चालवायची. धाकटी बहीण लांबच्या पंपघरात, त्याच कामावर. इथून कमांड दिली की तिथलं मशीन माझ्या काळ्या पडद्यावर उघडायचं. काम उरकलं की आम्ही त्यावरच गप्पा मारायचो. ती एका बोटाने टाइप करायची. एकेक अक्षर... थांबत थांबत उमटायचं.

"अगं, गोगलगाय परवडली!" मी चिडवायची.

"गोगलगाय पोचते तरी. तुझी लाइन तुटते!"

एका संध्याकाळी तिने लिहिलं, "ताई, एक सांगू?"

आणि लाइन तुटली.

रात्री तिला ताप चढला. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

पुढे पंपघर बंद करायचं ठरलं. शेवटच्या नोंदी उतरवायला मी भर दुपारी कार्यालयातूनच त्या मशीनवर शिरले. सवयीने कमांड देऊन मशीनला विचारलं, आत कोण कोण आहे?

एकच नाव यायला हवं होतं. माझं.

दोन आली...

दुसरं तिचं.

नावापुढे कीबोर्डवरचा हात किती वेळ थांबलाय ते दिसतं. तिचा थांबलेला नव्हता.

एक अक्षर उमटलं. मग... दुसरं.

"ताई, एक सांगू?"

"सांग ना गं राणी," मी लिहिलं.

"सांगते. पण तू आधी..."

"झाल्या ना नोंदी, बाई?" पलीकडच्या टेबलावरून साहेब म्हणाले. "करतो ते मशीन इथूनच बंद."

"साहेब, थांबा!"

"आता काय थांबा? दाबलं पण!"

पडदा कोरा.

मी पंपघराला फोन लावला. पहारेकऱ्याने उचलला.

"दादा, मशीन चालू करा हो, पाया पडते."

"करतो की. पण कीबोर्ड कुठाय? तो धाकट्या बाईंचा स्वतःचा होता. सामानाबरोबर तुमच्याच घरी धाडला ना?"

मशीन चालू झालं. आत एकच नाव होतं.

माझं.

पहारेकऱ्याने पुढे ती नोकरी सोडली. साहेब वारले. मशीन भंगारात गेलं. आई अखेरपर्यंत विचारत राहिली, "धाकटी शेवटी काय म्हणाली गं?" 

तो कीबोर्ड माझ्या उशाशी आहे. वायर कशालाच जोडलेली नाही. दुपारी घर सामसूम झालं की एक कळ वाजते. मग... दुसरी. थांबत थांबत.

हे लिहून घेणाऱ्या नातीला काहीच ऐकू येत नाही.

मला येतं. पण कुठली कळ खाली गेली, ते कळत नाही.

नजर गेली आता माझी.