चौदा नंबरची जागा

शेकोटीत अजून एक ओंडका सारा, आणि ते गाणं बंद करा आधी. सांगतो. पण मधे कुणी दात काढायचे नाहीत, कारण ज्याच्यावर हे बेतलं तो हार्लन स्ट्राउड माझ्या बावीस वर्षांच्या ओळखीचा. मासे धरायला आम्ही बरोबरच जायचो. थापा मारायचा तो, नाही असं नाही, पण फक्त माशांच्या लांबीबद्दल.

निवृत्त झाल्यावर हार्लननं लफकिन गावातलं राहतं घर विकलं आणि मोटरहोम घेतलं, चाकांवरचं घर. चौतीस फुटी धूड. बायकोला, म्हणजे व्हर्नाला, विचारलं ते थेट सही करायच्या दिवशी. तेव्हा तिनं सही केली. नंतर बोलायला लागली ती थांबेचना. तिचं मागणं काय मोठं होतं? समुद्रकाठी एक आठवडा निवांत बसायचं, पायाखाली वाळू हवी, बस्स. पण मुक्कामाची जागा निवडायचं काम हार्लननं स्वतःकडे घेतलं, आणि तिथंच माशी शिंकली.

पहिली जागा निघाली रेल्वेच्या रुळांना चिकटून. एका रात्रीत सात मालगाड्या. दुसरीकडं शेजारच्या गाडीची सांडपाण्याची नळी निसटली, ती नेमकी यांच्या दारात. तिसऱ्या ठिकाणी समुद्र होता म्हणे, पण त्याच्या आणि यांच्या मधे तेलाचा कारखाना.

मागच्या ऑक्टोबरात, दुसऱ्या शुक्रवारी, दोघं चौथ्यांदा निघाली. पेलिकन स्पिट बेटावर.

"जागा पक्की केलीयस ना?" पुलावर गाडी चढल्यावर व्हर्नानं विचारलं.

"पोचलो की मिळते गं. ऑक्टोबरात कोण येतंय तडमडायला!"

अख्खं टेक्सास आलं होतं. रेडफिश मासे पकडायची स्पर्धा होती त्या शनिवारी. पहिल्या कॅम्पच्या फाटकावर पाटी, जागा नाही. दुसरीकडं तेच. तिसऱ्या ठिकाणी चौकीदारानं लांबूनच हात हलवला. चौथ्या ठिकाणी ऑफिसातली पोरगी च्युइंगगम चघळत म्हणाली, "सर, इथं लोक सहा महिने आधी आरक्षण करतात."

"सहा महिने आधी हे काय करत होते सांगू?" व्हर्ना खिडकीतून म्हणाली. "गाडीच्या टपावर अँटेना बसवत होते. चार दिवस. अजून एक चॅनेल दिसत नाही."

हार्लनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाई खोटं थोडंच बोलत होती!

सूर्य बुडाला. पेट्रोलपंपाच्या कडेला गाडी लावून दोघांनी ब्रिस्केटचं गार झालेलं मांस खाल्लं, एकमेकांकडं न बघता. मग व्हर्नानं हात पुसले आणि म्हणाली, "हार्लन, हे शेवटचं. आजची जागाही अशीच निघाली, तर उद्या सकाळी मला ब्यूमाँटला लोरेटाकडं सोड. तुझं हे घर घेऊन तू हिंड मग जन्मभर. एकटा."

लोरेटा तिची बहीण. अशी धमकी तिनं आधी दहादा दिली असेल, पण ओरडून. आज आवाज चढला नव्हता. एक्केचाळीस वर्षं भांडला होता तो या बाईशी, आणि तिच्यावाचून त्याला कॉफीचा डबासुद्धा सापडत नसे. प्रेम होतं हो त्याचं, तोंडानं फुटत नव्हतं इतकंच.

फोनवर जागा शोध म्हणावं, तर फोनवर याचा विश्वास नाही. यानं सीटखालून काय काढलं, तर कॅम्पच्या जागांचं जाडजूड पुस्तक. सासऱ्याचं. वीसेक वर्षांपूर्वीचं.

"त्यातले निम्मे मालक मेले असतील," व्हर्ना म्हणाली.

"उरलेल्या निम्म्यांना विचारतो," असं म्हणून हार्लननं बोट ठेवलं. डेलफीनचा कॅम्प, बेटाचं दक्षिण टोक, थेट वाळूवर. नंबर फिरवला. तिसऱ्या घंटीला एका म्हातारीनं उचलला.

"आहे की जागा," ती म्हणाली. "चौदा नंबर. पाण्याच्या तोंडावर. या."

हार्लननं व्हर्नाकडं असं बघितलं, जणू समुद्र त्यानंच खणला होता.

नऊ चाळीसला पोचले. चंद्र नव्हता. फाटक नाही, ऑफिस नाही, एक दिवा म्हणून नाही. नुसते गाड्या लावायचे सिमेंटचे ओटे ओळीनं, मधे कंबरेएवढं गवत, आणि वारा. असा वारा की गाडी डोलत होती.

"हार्लन, इथं कुणी नाही."

"मग बरंच की. अख्खा समुद्र आपला. तुला निवांतच हवं होतं ना?"

"निवांत म्हणाले होते मी. ओसाड नव्हे."

पण गाडीच्या उजेडात एक खांब दिसला. त्यावर चौदा. आता हार्लन माघार घेतोय होय! सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

आता हे धूड जागेवर लावायचं म्हणजे मागं मागं घ्यायचं. तुम्ही पोरं मागचा कॅमेरा बघून लावता, आमच्या हार्लनचा कॅमेरा गेलं वर्षभर बंद. मग नवऱ्यानं चाक धरायचं, बायकोनं मागं बॅटरी घेऊन उभं राहायचं आणि हातवारे करायचे. या देशातले निम्मे घटस्फोट तिथंच सुरू होतात, लिहून ठेवा. व्हर्ना तर अशी ओरडायची की शेजारचे खुर्च्या घेऊन बघायला बसत. "डावीकडं! अरे तुझं नव्हे, माझं डावं!"

"उतर, मागं उभी राहा," हार्लन म्हणाला.

"तूच राहा."

"व्हर्ना, पुरे हं. दिवसभर ऐकतोय."

ती उतरली. दार असं आपटलं की कपाटातले कप वाजले.

हार्लननं थोडं थांबून आरशात बघितलं. अंधार. इंजीन मागच्या बाजूला, त्याची घरघर, वर वारा. काही ऐकू येण्याची सोयच नाही.

मग मागं उजेड दिसला. छोटा, पिवळट. वर खाली, वर खाली. ये... ये...

गिळला बाईनं एकदाचा राग, हार्लन मनात म्हणाला. त्यानं गाडी मागं घेतली.

उजेड डावीकडं झुकला. त्यानं चाक वळवलं. उजेड सरळ झाला. ये... ये...

किती छान दाखवत होती. घाई नाही. चिडचिड नाही. तो चुकला की उजेड थांबायचा, तो सुधारला की पुन्हा हलायचा.

ये...

हार्लनला बरं वाटलं. आणि मग बरं वाटेना.

एक्केचाळीस वर्षांत या बाईनं न ओरडता एकदाही गाडी लावू दिली नव्हती. एकदाही नाही. आणि आज, इतकी चिडलेली असताना...

ये...

मागच्या चाकाखाली काहीतरी मऊ लागल्यासारखं वाटलं. वाळू असेल. वाळूच असेल.

त्यानं समोर बघितलं.

बॅटरी समोरच होती. आत, काचेपाशी. जिथं ती नेहमी असते तिथं.

त्यानं ब्रेक दाबला.

मागं उजेड हलतच होता. ये... ये... जरा घाईनं आता.

हार्लननं किल्ली फिरवली. इंजीन बंद. घरघर थांबली.

आणि त्याला व्हर्ना ऐकू आली.

खालून.

"...थांब... हार्लन... थांब रे..."

तो कसा उतरला त्याला आठवत नाही. ओट्याच्या कडेला जुन्या गटाराचं झाकण मोडलेलं, त्यात तिचा पाय गुडघ्यापर्यंत अडकलेला. गाडीचं शेपूट तिच्या अंगावरून गेलं होतं. ती वाळूत पाठीवर सपाट पडली होती, म्हणून वाचली. चाक तिच्या स्कर्टच्या घेरावर चढलेलं. कंबर तिथून वीतभर.

ओरडून ओरडून घसा बसला होता तिचा. उजेड? तिनं कसला उजेड पाहिला नव्हता. तिला फक्त चाक दिसत होतं.

हार्लननं कापड फाडलं, पाय ओढून काढला, बूट तिथंच राहिला. तिला उचलून आत घातलं. मागं बघायचं नाही... मागं बघायचं नाही... आणि पेट्रोलपंपाचे दिवे येईपर्यंत त्यानं बघितलंही नाही.

तिथं गाडी थांबवली. हार्लननं तिचा हात धरला.

"चुकलो मी," हार्लन म्हणाला. "जागा, घर, सगळंच. सकाळी सोडतो तुला ब्यूमाँटला."

"गप बस," व्हर्ना घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आणि हात सोडू नकोस."

मग व्हर्नानं समोर बोट केलं. काचेवर, वायपरखाली, एक कार्ड होतं. कॅम्पवाले लावतात तसलं. ओलं, कडा खाल्लेलं. हार्लननं फोनवर नाव सांगितलं नव्हतं. त्या म्हातारीनं विचारलंच नव्हतं.

पेन्सिलीनं, म्हातारीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं...

नाव: हार्लन स्ट्राउड. जागा: चौदा.

माणसं: एक.