हरणखोरीचा सुरुंग

हरणखोरीच्या धरणाचं उत्तरेकडचं टोक थेट सातपुड्याच्या पायात घुसलेलं आहे. तिथे दोन टेकड्यांच्या बेचक्यात पाणी आत वळतं आणि बुडालेल्या बाभळींमध्ये हिरव्या शेवाळाची जाड साय धरून पडून राहतं. त्या वळणाला आम्ही खोपा म्हणायचो. खोप्यात एक मरळ होती. रुपचंद नानांचा दोर तिने दोनदा तोडला होता आणि भूषणचा गळ तारेसारखा सरळ करून टाकला होता. त्या रविवारी आम्ही तिघं पहाटे होडी लोटली ती तिच्यासाठीच. तिला पकडायचं, होडीच्या कडेला धरून डोळे भरून बघायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायचं!

पण आम्ही निघालो होतो ते संतापाने.

आदल्या रविवारी अलीकडच्या काठावर मेलेल्या माशांचा खच पडला होता. कुणीतरी पाण्यात जिलेटीनची कांडी फोडली होती. मोठे मासे भरून नेले होते आणि बोटाएवढी पिल्लं सडायला टाकली होती. पांढरी पोटं वर करून ती लाटांबरोबर काठाला लागत होती. नाना त्या चिखलात उकिडवे बसले, एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"बठ्ठा नास करी टाका," ते म्हणाले. मग उठले. "पुढल्या रविवारी खोप्यात जाऊ. ते हरामखोर पोचायच्या आत तिला एकदा बघून घेऊ."

नाना अमळनेरच्या तेलगिरणीत फिटर होते, आता निवृत्त. भूषणचं फैजपूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मी कोकिळा, यावल डेपोत कंडक्टर. आमच्यात ना नातं ना गोत. सुट्टीच्या दिवशी गळ टाकायचा, एवढ्यावर आमची मैत्री.

पूर्वी आमच्यात चौथाही होता, जीवराम. विहिरी खोदणाऱ्यांकडे सुरुंग भरायचं काम करायचा. नानांनी त्याला गळ फेकायला शिकवलं, होडी हाकायला शिकवलं, पोटच्या पोरासारखं मानलं. पण पकडलेला मासा पाण्यात सोडताना त्याचं तोंड वाकडं व्हायचं. "सोडायचाच तर पकडायचा कशाला?" एकदा त्याने नानांनी सोडलेला मासा हसत हसत पुन्हा जाळीत धरला आणि दगडावर आपटला. नानांनी त्याला त्याच दिवशी होडीतून उतरवलं. त्यानंतर वर्षभर त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मात्र काठावरचा तो खच बघताना तिघांच्याही मनात एकच नाव आलं होतं.

सकाळचं पाणी काचेसारखं होतं. भूषणने छोटं इंजिन सुरू केलं. मागे केळीच्या बागांची हिरवी पट्टी बारीक होत गेली, पुढे डोंगर वाढत गेले. चैत्र संपत आला होता, पाणी बरंच उतरलं होतं आणि एरवी खोल बुडालेली झाडं आता पृष्ठभागाच्या जेमतेम खाली आली होती.

"डावीकडे घे!" नाना ओरडले.

उशीर झाला. टणकन आवाज आला. होडी थरथरली, इंजिन भिरभिरत उगाच गरजू लागलं. पंख्याची पिन तुटली होती.

"दुसरी पिन?" मी विचारलं.

भूषणने खिसे चाचपले. "दुकानात राहिली अक्का."

"दुकानात!" नाना भडकले. "तिथे काय मासे येतात?"

परतणं शहाणपणाचं होतं. पण त्या दिवशी शहाणपण कुणाला हवं होतं! आम्ही वल्ही काढली.

खोप्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ऊन टेकड्यांवरून खाली उतरलं होतं. नानांनी ओठांवर बोट ठेवलं. उथळ पाण्यातल्या मरळीला होडीत पडलेला डबाही ऐकू येतो. आम्ही वल्ही आडवी ठेवली आणि वाऱ्याच्या हलक्या झुळकीवर होडीला आत सरकू दिलं. शेवाळाच्या सायीत जागोजागी काळी भोकं होती. त्यातल्या एका भोकात पाणी फुगलं, एक रुंद, चपटं, सापासारखं डोकं वर आलं, हवेचा घोट घेऊन खाली गेलं.

भूषण पुढे वाकला. "बापरे... अक्का, तुमची पाळी."

माझ्या दोराला रबरी बेडूक होता, त्याच्या पोटाखाली दडवलेला गळ. गळाचा उलटा काटा आम्ही कानशीने घासून टाकलेला असतो, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही. त्यात एक अडचण असते. दोर क्षणभर जरी ढिला पडला तरी मासा सुटतो.

"तिच्या डोक्यावर टाकू नको," नाना कुजबुजले. "भोकाच्या पलीकडे टाक आणि सायीवरून चालवत आण. भोकाशी आलं की थांब."

मी फेकलं. बेडूक पलीकडे टपकन पडला. मी त्याला उड्या मारवत आणला. एक उडी, दुसरी. भोकाच्या काठाशी आला. थांबवला. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता.

पाणी फुटलं!

बेडूक नाहीसा झाला. हात आपोआप झटका द्यायला निघाला, पण नाना म्हणाले, "थांब! गिळू दे." दोर ताणून चालू लागला तेव्हा मी अंगातला सगळा जोर लावून मागे ओढलं. छडी कमानीसारखी वाकली. मरळ बाभळीच्या मुळांकडे निघाली होती. तिथे पोचली की संपलं! मी पाय होडीच्या कडेला रोवले. "डोकं वर ठेव तिचं! वर!" नाना ओरडत होते. भूषण होडी मागे रेटत होता. ती सायीवर आली, अख्खी, मांडीएवढी जाड, अंगावर काळे पट्टे, आणि शेपटीने तिने शेवाळाच्या चिंध्या उडवल्या.

"आली! अक्का, आली!"

आणि तेवढ्यात धडाका झाला.

टेकडीच्या पलीकडच्या वळणावर. होडीच्या तळाला खालून कुणीतरी लाथ घातल्यासारखं वाटलं. बगळ्यांचा थवा किंचाळत उठला. त्यामागोमाग दुसरा आवाज आला, तो माणसाचा होता.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. माझ्या दोराला मरळ धडपडत होती. वर्षानुवर्षं वाट पाहिलेली मरळ! किंकाळी पुन्हा आली, लांबलचक.

मी दोर ढिला सोडला. तिने एकदा डोकं झटकलं, बेडूक हवेत उडाला आणि ती गेली. मला रडू आलं, पण ते रागाचं होतं. "वल्हं घे!" मी भूषणवर ओरडले, त्याचा काही दोष नसताना.

वळण ओलांडलं आणि खडकावर जीवराम दिसला. गुडघ्यांवर बसला होता, उजवा हात पोटाशी धरून. हात म्हणजे मनगटाच्या पुढे नुसत्या चिंध्या होत्या. वर टेकडीवरून एक माणूस मागे न बघता पळत होता. भोवती पाण्यावर चांदीसारखे मासे उलटे होऊन तरंगत होते.

"नाना..." जीवरामचं तोंड राखेसारखं झालं होतं. "वात जल्दी पेटनी. मना हात कोठे शे?"

नाना होडीत उभे राहिले. आयुष्यात मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता.

"राहू दे त्याले आठेच!" ते म्हणाले. "होडी वळव, भूषण."

"नाना, तो मरेल!"

"मरू दे! किती जीव मारले त्याने? मोजलेस? मी शिकवलं याला पाणी वाचायला. मी! आणि याने काय केलं त्या शिकवण्याचं?"

"माले सोडीसन जाऊ नका नाना," जीवराम पुटपुटला आणि आडवा झाला.

माझ्याही मनात नेमकं तेच होतं. वळवावी होडी! पण माझे पाय खडकावर पडले होते. मी ओढणी काढली, कोपराखाली आवळली, त्यात होडीत पडलेला जुन्या वल्ह्याचा तुटका दांडा घालून पीळ दिला. रक्ताची धार थांबेपर्यंत पिळत राहिले. तो गुरासारखा ओरडला. "ओरड!" मी म्हणाले. "अजून ओरड!" खडकावर उरलेल्या कांड्या पडल्या होत्या. भूषण त्या पाण्यात ढकलायला गेला.

"हात लावू नको!" नाना गरजले. मग त्यांनी शिवी हासडली, खडकावर उतरले आणि जीवरामचे पाय धरले. "उचल. बघत काय बसलास?"

फोनला रेंज नव्हती. सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे पश्चिमेच्या काठावरचं पंपघर. काठाकाठाने जायचं तर दुपार उलटली असती. मधून जायचं तर उघडं, अफाट पाणी आणि समोरून वारा! आणि उन्हं तापली तशी वारा आता उठला होता.

"मधून," नाना म्हणाले.

भूषण आणि मी वल्ह्यांवर बसलो. पहिल्या लाटा नुसत्या थोपटत होत्या. मग त्या कडेवरून आत येऊ लागल्या. चौघांच्या वजनाने होडी खोल बसली होती. नाना डब्याने पाणी उपसत होते. पाणी तांबडं होतं. एक वल्हं मारावं तर वारा अर्धं मागे नेत होता.

"वजन कमी करा!" नाना ओरडले.

आधी बंद इंजिन गेलं. नंतर जेवणाचे डबे, गळांची पेटी. भूषणने आपल्या नव्या छडीकडे एकदा पाहिलं. घेऊन महिनाही झाला नव्हता. त्याने ती जीवरामच्या तोंडासमोर नाचवली. "बघ! हीसुद्धा तुझ्यापायी!" आणि सगळ्या छड्या पाण्यात भिरकावल्या.

मध्यावर एक मोठी लाट आडवी आली. होडी एका बाजूला कलली. भूषण कडेवर आपटला, त्याचं वल्हं निसटलं. नानांनी अर्धं अंग बाहेर झोकून ते पकडलं आणि मी त्यांचा सदरा पकडला. सदरा फाटला, कडेवर घासून नानांचे दोन्ही तळहात सोलवटले, पण नाना राहिले. वल्हंही राहिलं!

"मार! थांबू नको! मार!"

जीवरामचे डोळे मिटू लागले. मी वल्हं मारता मारता त्याला लाथ घातली. "झोपायचं नाही! ऐक! ती काठावरची पिल्लं तूच मारलीस ना? बोल!"

"हा..."

"मोठ्याने!"

"हा! मीच!"

"अजून बोल! कुठे कुठे कांड्या टाकल्यास?"

तो तुटक तुटक बोलत गेला. एकेक वळणाचं नाव येत होतं, आम्हीच ठेवलेली नावं. प्रत्येक नावाला माझा हात अधिक जोराने पाणी मागे लोटत होता. त्या रागानेच ती होडी पुढे नेली असेल. त्याने पाणी मागितलं तेव्हा नानांनी बाटली त्याच्या तोंडाला लावली, पण नजर पाण्यावरच ठेवली.

तळहातांची कातडी सोलली. खांदे बधिर झाले. आणि मग वारा एकाएकी पडल्यासारखा वाटला. पंपघराच्या उंच भिंतीच्या आडोशाला आलो होतो! वरून गिरधर, तिथला रखवालदार, धावत खाली आला. त्याच्या फोनला रेंज होती. सरकारी गाडी आली, जीवरामला जळगावला हलवलं. डॉक्टरांनी मनगटापासून हात काढला, पण जीव वाचला.

दोन दिवसांनी आम्ही दवाखान्यात गेलो. रत्ना, त्याची बायको, नानांच्या पाया पडायला वाकली. नाना मागे सरले. "पाया पडू नको. त्यातलं काही नाही." मग खाटेजवळ गेले.

जीवराम कुजबुजला, "पोलिसांनी विचारलं नाना. गळ टाकताना पडलो म्हणून सांगेल मी. तुम्ही काही बोलू नका."

"मी सांगितलं त्यांना. कालच," नाना म्हणाले. "खडकावरच्या कांड्याही दाखवल्या. तुझं नाव, तू होडीत घेतलेलं त्या पळालेल्या भटूचं नाव, सगळं."

जीवरामचा चेहरा उतरला. 

"मंग माले वाचाडं कसाले?"

"तठेच मरी जाता ते सुटी जाता," नाना म्हणाले.  "आते तुले जगनं पडी. मनासमोर जगनं पडी."

ते वळले आणि बाहेर गेले. व्हरांड्यात भूषणने चहा आणला होता. नानांच्या पट्ट्या बांधलेल्या हातांत पेला ठरेना. चहा सांडू लागला. भूषणने पेला घेतला आणि त्यांच्या ओठांशी धरला. नाना घोट घोट प्यायले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मधूनमधून ते दात आवळून शिव्या देत होते.