ट्रेलर अडला, बरं झालं

चष्मेवालीने रागाच्या भरात ट्रेलरला लाथ घातली, तर ट्रेलरच कळवळला... "आई गं!"

ती दचकून मागे सरली. ट्रेलरखालून आधी काळ्या वंगणाने माखलेला हात आला, मग विस्कटलेले केस, आणि मग कपाळ चोळत हसणारा एक तरुण.

"तुम्ही... कोण?"

"समोरच्या दुकानातला वायरिंगवाला. तुमच्या काकांनी बोलावलंय. लाथेने चालू होणारा माल नाही हा, बाई."

ती कानापर्यंत लाल झाली.

हा ट्रेलर म्हणजे तिचा फिरता दवाखाना. गावोगाव जायचं, डोळे तपासायचे, चष्मे द्यायचे. वडील गेल्यापासून काकाच तिचं सगळं होते. ते जीप चालवायचे, लोकांचे नंबर लावायचे. निघताना ट्रेलरचा पुढचा दांडा उचलून जीपच्या हुकावर बसवावा लागे. तो उचलणारा विजेचा जॅकच आज रुसला होता. बटण दाबलं की नुसती टिकटिक. हाताने फिरवायचं हँडल असतं, पण तेही नेमकं सापडत नव्हतं.

"बॅटरी ठणठणीत आहे," तो पुन्हा खाली वाकत म्हणाला. "जॅक सांगाड्याला जिथे कसलाय ना, तिथे गंज चढलाय. वीज जाते, पण तिला परतायला वाट नाही."

"मग?"

"मग काय... वाट मोकळी करायची."

तो बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासू लागला. ती टॉर्च धरून बसली. त्याची बोटं लांबसडक होती, आणि काम करताना तो खालचा ओठ दाताखाली धरायचा...

"टॉर्च जॅकवर धरा की," तो मान वर न करता म्हणाला. "माझ्या तोंडावर काय गंजलंय?"

टॉर्च हातातून पडता पडता राहिली.

जॅक घुर्रर्र करत चालू झाला, पण तोवर ऊन उतरलं होतं. निघणं सकाळवर गेलं. संध्याकाळी वायरिंगवाला आपल्या आत्याला घेऊन डोळे तपासायला आला. आत्या एकटीच होती, भाच्याच्या दुकानाचा गल्ला सांभाळायची, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती काय बोलली कोण जाणे, बाहेर काका खो खो हसत होते. काकांना असं हसताना चष्मेवालीने कधी ऐकलंच नव्हतं.

मग वायरिंगवाला खुर्चीवर बसला.

"वर बघा," ती म्हणाली. "आता खाली. आता समोर..."

"समोर मघापासूनच बघतोय."

तिच्या हातातली काच निसटली. "डोळ्यांना काही झालेलं नाही तुमच्या," ती कशीबशी म्हणाली.

"नक्की? पुन्हा एकदा बघा ना."

सकाळी तिने बटण दाबलं. काही नाही. टिकटिकसुद्धा नाही! तिने त्याला बोलावलं. त्याने बोल्ट तपासले, सगळं लखलखीत. ती बॅटरीपासून लाल वायर चाचपत गेली, मधली फ्यूजची डबी उघडली, आणि बघतच राहिली.

डबी रिकामी होती.

"फ्यूज जळतो," तो पुटपुटला. "पळून कसा जाईल?"

कालचा शेवटचा हात कुणाचा होता? "तुम्ही काढलात," ती म्हणाली. "पुढच्या गावी म्हातारीकोतारी माणसं सकाळपासून ताटकळत बसली असतील! थांबवायचं होतं, तर तोंडाने सांगायचं!"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पार मावळलं. "सांगायचं होतंच," तो हळूच म्हणाला. "पण ते... असं नाही." हत्यारं गोळा करून तो रस्ता ओलांडून गेला.

मागे काका खाकरले. "त्याला उगीच बोललीस, बाळ."

त्यांनी खिशातून फ्यूज काढला. मग जीपच्या सीटखालून हँडलही काढलं!

चष्मेवाली पायरीवर मटकन बसली. "काका... तुम्ही?"

"त्याची आत्या गं," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "काल नव्या भिंगातून बघून म्हणाली, 'सगळ्यात आधी तुम्हीच स्पष्ट दिसलात.' मला आजवर असं कुणी... आधी हँडल सापडलं नाही तेव्हा खरंच सापडलं नव्हतं. रात्री सापडलं, आणि वाटलं, अजून एक दिवस मिळाला तर..."

तिच्यापायी काकांनी लग्न केलं नाही, हे तिला ठाऊक होतं. पण काकांनाही कुणीतरी हवं असेल, हे इतक्या वर्षांत तिच्या मनातही आलं नव्हतं. तिने त्यांचा हात धरला. "चला. तुम्ही विचारा. मला माफी मागायचीय."

दुकानात आत्याने सगळं ऐकून घेतलं. "या वयात चोरी? तोंड नव्हतं?"

"तोंड होतं," काका म्हणाले. "धीर नव्हता."

"मग आता विचारा!"

"याल का... आमच्याबरोबर?"

आत्याने गल्ल्याची किल्ली भाच्याच्या तळहातावर टेकवली. "चार गावं फिरून बघते आधी, माणूस कसा आहे ते. पिशवी भरून येते." आणि ती आत गेली, तिच्यामागे पिशवी धरायला काका.

वायरिंगवाला आ वासून किल्लीकडे बघत राहिला.

"माझं चुकलं," चष्मेवाली म्हणाली. "मी नको ते बोलले."

"आत्या पळवली, वर माफी मागताय?" तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "फ्यूज मी काढला नाही. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. सारखं वाटत होतं, उद्या पुन्हा बिघडू दे... काहीही बिघडू दे."

तोवर बाहेर फ्यूज बसवून, ट्रेलर जोडून काका जीप सुरू करत होते.

"परत कधी याल?" त्याने विचारलं.

"आत्यांना माहेरी आणावंच लागेल ना."

"म्हणजे आत्यांसाठी याल?"

तिने होकाराची मान हलवली. जायला वळली, उंबऱ्यात थांबली... आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्यासाठी."

तुझ्या! काल भेटलेल्या माणसाला! तिने झटकन तोंडावर हात ठेवला. तो तर जागच्या जागी खिळलाच होता.

"काय म्हणालीस?" त्याने अगदी हलक्या आवाजात विचारलं. "पुन्हा म्हण."

आणि तिने तोंडावरचा हात काढला.